ऑफिसनंतर स्वतःसाठी कोड लिहायचा हुरूप येतो कुठून?

निशाचर: दिवसभर नोकरीत कोड लिहिल्यावर रात्री स्वतःच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉप उघडवत नाही. गिटहबवर (कोड साठवायच्या वेबसाइटवर) अर्धवट रेपो, म्हणजे एकेका प्रोजेक्टच्या कोडचे साठे, साचल्यात. सगळ्यांत लॉगिनचं पान तयार, पुढे शुकशुकाट. तुम्ही काय करता?

अर्धविराम: वापरणारे तुम्ही एकटेच, मग लॉगिन आधी कशाला? ते तर ऑफिसचंच काम घरी आणणं झालं. जे तुम्हाला रोज खुपतं त्यालाच हात घाला. आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची छपाई संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांना बघवेना, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी 'टेक' हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. गुइडो व्हान रॉसम यांनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू केली ती १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, छंद म्हणून. आधी काहीतरी खुपावं लागतं, हुरूप मागून येतो.

साधासरळ: साफ असहमत. नुथ विद्यापीठात प्राध्यापक होते, व्हान रॉसम संशोधन संस्थेत. दिवसभर तिकिटं (नेमून दिलेली कामं) आणि मीटिंगा उरकून थकलेल्या माणसाला ही नावं ऐकवणं अन्याय आहे. शिवाय टेक लवकर संपेल असं नुथना वाटलं होतं; त्याला दहाएक वर्षं लागली. इच्छा होत नसेल तर तो आळस नव्हे. आणि मुलाखतीत 'गिटहब दाखवा' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घरी तान्हं मूल किंवा आजारी आई असलेल्यानं काय दाखवायचं?

अर्धविराम: मुलाखतींबाबत शंभर टक्के मान्य. पण थकवा कोडचा असतोच असं नाही, बऱ्याचदा तो दुसऱ्यानं ठरवलेल्या कामाचा असतो. मी फोटोंना तारखेनुसार नावं देणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ना सर्व्हर, ना डिप्लॉय. त्या संध्याकाळी बरंच ताजंतवानं वाटलं. आणखी एक, उठताना एक टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारा छोटा कोड) मुद्दाम फेल ठेवा. पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची हे शोधण्यातच अर्धा उत्साह जातो, तो वाचतो.

कलमबहाद्दर: मध्येच बोलतो. नोकरीचा करार आधी वाचा. काही करारांत फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवरही कंपनी हक्क सांगते. ऑफिसचा लॅपटॉप तर वापरूच नका.

साधासरळ: हे महत्त्वाचं. पण फेल ठेवलेली टेस्ट माझ्या डोक्यात रात्रभर फिरत राहील, मग झोपायचं कधी? निशाचर, महिनाभर काहीच लिहू नका. त्यानंतरही एखादी रेपो आपणहून आठवली, तर तेवढीच उघडा. बाकीच्या आर्काइव्ह करून टाका.