आधी बोटं, मग पाना : घरी स्पार्क प्लग बदलल्याचे अनुभव

गोदाकाठची

काल खंडेनवमीची हत्यारं काढायला माळ्यावर चढले. दरवर्षी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, विळी, शिवणाची कात्री एवढंच मांडतो, यंदा मागे सरकवलेली बाबांची पत्र्याची पेटी पण खाली घेतली आणि त्यात त्यांचा प्लग पाना निघाला. नळीसारखा, वर आरपार भोक, भोकात घालून फिरवायचा दांडा, म्हणजे टॉमी. टॉमीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, हातातून सटकू नये म्हणून. ट्यूब आता कडक झालीय पण बोटं जिथे बसायची तिथे अजून गुळगुळीत आहे. तिथे माझी बोटं ठेवली आणि मग बराच वेळ माळ्यावरच बसून राहिले.

पांढरी मारुती ८०० होती आमची, सिडकोतल्या घरासमोर उभी असायची. रविवारी सकाळी सातलाच बाबा बॉनेट उघडायचे, कारण इंजिन रात्रभर गार झालेलं पाहिजे. "इंजिनचं हेड, ज्यात प्लग बसतो ते, ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग ओढलास तर आटे सोबत येतील." आधी प्लगच्या भोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवायची, नाहीतर प्लग निघाला की कचरा सरळ सिलिंडरमधे. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे अदलाबदल व्हायचा प्रश्नच नाही. निघालेले तिन्ही प्लग पेपरवर नंबराने मांडायचे आणि मला विचारायचे, "सांग, कुठला आजारी?" टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं असेल तर बरा, कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट म्हणजे इंजिन ऑईल वर येतंय, पांढरंफटक म्हणजे जास्त तापतोय. मी तेव्हा नववीत होते.

बसवताना मात्र पाना हातात द्यायचे नाहीत. प्लगच्या वरच्या टोकाला पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा खोचून द्यायचे आणि म्हणायचे, याने फिरव. आटा चुकला तर पाईप हातात घसरतो. पाना घसरत नाही, तो हेड खातो. आधी उलटा फिरवायचा, टक् करून आटा खाली बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा. बोटांनी फिरायचा थांबला की मगच पाना. मला वाटतं मी शिकलेल्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात खरी गोष्ट आहे.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. या रविवारी आमच्या वॅगनआरचे प्लग मी स्वतः बदलणार आहे, ८० हजार किमी झालेत आणि मधे कधी बदलल्याची बिलात नोंद नाही. तुमच्यापैकी कोणी घरी केलेत का? बिघडलेलं पण लिहा, चाललेलं पण. आणि सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा, सोनं घ्या.

निवृत्त_सातपूर

सोन्यासारखे रहा ताई. फार जपून ठेवा तो पाना.
मी मायको कंपनीत ३१ वर्षं काढली. आता २००८ पासून बॉश नाव आहे पण सर्कलला नाशिककर मायको सर्कलच म्हणतात आणि म्हणत राहतील. गंमत म्हणजे नातेवाईक अजून फोन करतात, काका तुमच्या कंपनीचे प्लग द्या ना. आपल्या नाशिकच्या प्लांटला डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर, डिझेलला स्पार्क प्लग नसतोच, नुसत्या दाबाने हवा तापते आणि त्यात इंधन पेटतं. किती जणांना समजावलं. शेवटी दुकानातून स्वतःच्या पैशाने आणून द्यायला लागलो.

मनमाडची_सून

सोनं घ्या सगळ्यांनी 🙏 प्लगमधलं काही कळत नाही पण वाचून माझे बाबा आठवले, ते रेडिओ उघडायचे.

रात्रपाळी_अंबड

आटे गेलेत माझे. सँट्रो, दोन नंबरचा सिलिंडर, वर्ष झालं असेल. पहिल्यापासून रॅचेट पानाच लावला आणि तो जड फिरत होता तर वाटलं नवा आहे म्हणून जड आहे. नवा प्लग कधीच जड फिरत नाही हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तीन फेऱ्यात अडकला, काढला तर आट्यात ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली. ती तार बघून पोटात खड्डा पडला.
आमच्या कंपनीच्या मागे लेथवाले आहेत त्यांनी हेड न काढता हेलिकॉइल टाकून दिली. म्हणजे भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं बसवायचं, प्लग मग त्या स्टीलमधे बसतो. आटे पाडायच्या हत्याराला, टॅपला, भरपूर ग्रीस चोपडतात म्हणजे कीस ग्रीसला चिकटून वर येतो, आत पडत नाही. दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसत होते ते काका, घाई नाही काही नाही. दोन तास मी बाजूला उभा. ते वेटोळं अजून टिकून आहे आणि आता मी पण पाईपचा तुकडा वापरतो.

गोदाकाठची

@रात्रपाळी ती चकचकीत तार... वाचतानाच अंगावर आलं. पण दुरुस्त झालं हे छान झालं.

पिंपळगावकर_बागायतदार

ताई गाडीचं नाही पण आमचा पाठीवरचा फवारणी पंप टू स्ट्रोक, त्याचा प्लग आठवड्याला काढतो सध्या. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली आणि हा पाऊस, डाऊनी रोगाची धास्ती, फवारणी एक दिवस चुकवता येत नाही आणि बरोबर त्याच दिवशी पंप मरतो. पेट्रोलमधे ऑईल मिसळलेलं असतं त्यामुळे कार्बन धरतो. प्लगच्या टोकाच्या फटीत, गॅपमधे, एक दाणा अडकला तरी ठिणगी बंद. काचकागद फिरवला, फुंकर मारली, चालू.

शेतीवाडी_निफाड

तुमच्याकडे किती झाला पाऊस? आमच्याकडे काल रात्री तासभर. पोंगा अवस्थेत आहे बाग, कोंब नुकते फुटतायत.

पिंपळगावकर_बागायतदार

तासाच्या वरच. सरीत पाणी उभं आहे. ट्रॅक्टर आत जात नाही म्हणून तर पाठीवरचा पंप काढला. ऑईल प्रमाणातच टाका, गड्याने अंदाजे ओतलं की प्लग गेलाच समजा.

शेतीवाडी_निफाड

हो ना. काळजी घ्या, उघडीप मिळो.

जुनी_चेतक

आमच्याकडे चेतक होती. आई मागे, मी पुढे उभा, धाकटी आईच्या मांडीवर. कसारा घाट चढताना हटकून प्लग जायचा. बाबा बाजूला घ्यायचे आणि काही न बोलता मागे हात करायचे, आई पर्समधून हातरुमालात बांधलेला जादा प्लग काढून द्यायची. घरचं किल्ल्यांचं काम तिच्याकडे तसं प्लगचं पण. जुना गरम प्लग ती पदराच्या टोकात धरायची आणि गार झाला की परत त्याच रुमालात. त्या सगळ्या पदरांना एकेक काळा डाग होता. आत्ता तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, निळ्या साडीचा डाग अजून आहे, काढून दाखवू का.

मनमाडची_सून

@जुनी_चेतक काकूंना नमस्कार सांगा ❤️ निळी साडी बघायला आवडेल

वणीच्या_पायथ्याशी

कामात आहे, पटकन लिहिते. प्लग पडला तर वापरू नका. वापरूच नका. माझ्या हातून नवा प्लग शहाबादीवर पडला, वरून काही दिसलं नाही, बसवला. गावात गाडी लोण्यासारखी. सप्तशृंगीच्या घाटात चढ लागला की गाडी गचके द्यायला लागली, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, सासूबाई मागे बसून देवीचा धावा करतायत. परत आल्यावर काढून उन्हात धरला तर पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढा तडा. भावाने समजावलं की चढावर सिलिंडरमधे दाब वाढतो, दाबात ठिणगीला गॅप ओलांडणं अवघड जातं, मग ती तड्यातून पळते. सपाटीला दाब कमी म्हणून कळत नाही. कुकर झाला, जाते.

सीएनजी_पाथर्डीफाटा

सीएनजी वाल्यांनी प्लगचं मनावर घ्या. गॅसला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर मिस मारतो. मी महिनाभर गॅस किटला दोष देत होतो, दोनदा लाईन लावून दाखवून आलो, निघाले प्लग. प्रश्न: इरिडियम टोकाचे महाग प्लग टाकू का? दुकानदार म्हणतो एक लाख किमी बघायला नको.

निवृत्त_सातपूर

टाका, पण गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबराचेच. साधे निकेलचे ३० हजारच्या आसपास बदलावे लागतात, इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक आणि कठीण, म्हणून टिकतं. एक सांगतो, त्या टोकावर काचकागद नको, गॅप मोजायचं गेज आत घालून पिरगळणं नको, मोडतं ते. आम्ही जुन्या फियाटला हॅकसॉ ब्लेड सरकवून गॅप बघायचो, ते दिवस वेगळे, ते प्लग वेगळे.

सीएनजी_पाथर्डीफाटा

धन्यवाद काका. गेज कुठे मिळेल?

रात्रपाळी_अंबड

मुंबई नाक्याला स्पेअरच्या दुकानात विचारा, फिलर गेज म्हणून. पातळ पत्र्याच्या पट्ट्यांचा जुडगा असतो.

जुनी_चेतक

मुंबई नाक्याला जातायच तर संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, अडकाल. मी काल पाऊण तास.

सीएनजी_पाथर्डीफाटा

कालच ना? दसऱ्याची खरेदी. झेंडू १५० ने घेतला मी.

मनमाडची_सून

१५०?? आमच्याकडे ८०

गोदाकाठची

केलं. रविवार सकाळ, साडेसात.

बाबांचा पाना बसला नाही. तो २१ मिमीचा, वॅगनआरला १६ चा लागतो, हे मला आधी कळायला हवं होतं पण मन मानत नव्हतं. शेजारच्या दादांकडून १६ चा आणला, आत रबर असलेला, प्लग धरून ठेवतो. या गाडीत वायरी नाहीतच, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल. १० चा एक बोल्ट काढला आणि कॉइल सरळ वर ओढली. पहिला प्लग छान निघाला, रंग चहाचा. दुसरा तसाच. तिसऱ्याची कॉइल वर आली ती खालून तेलाने ओली. प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं. टोक मात्र चहाच्या रंगाचंच, म्हणजे तेल आतून नाही, वरच्या कव्हरच्या सीलमधून गळतंय. आधी चिंधी गुंडाळून ते सगळं टिपलं आणि मगच प्लग काढला.

पाईपचा तुकडा पण पेटीतच होता पण तडकलेला, म्हणून नवा आणला, दहा रुपये. उलटा फिरवला. टक्. बाबा, ऐकू आलं मला. तिन्ही प्लग बोटांनी तळापर्यंत गेले, मग पान्याने अर्धा फेरा, नवा वॉशर दबल्याचं हाताला कळलं, तिथे थांबले. चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंगला जी थरथर असायची ती नाही. लेक बाजूला उभी होती, सातवीत आहे. तिला जुने तीन पेपरवर मांडून विचारलं. ती तिन्ही बघून म्हणाली, प्लग आजारी नाहीत, म्हातारे झालेत. काठ गोल झालेत. खरंच झाले होते, मला दिसलं नव्हतं.

निवृत्त_सातपूर

लेकीला आशीर्वाद. डोळा आहे तिला. ठिणगी काठावरून उडते, काठ गोल झाला की जास्त जोर लागतो, अगदी बरोबर पकडलं. कव्हरचं सील लवकर बदला, तेलाने कॉइलचं रबर फुगतं.

गोदाकाठची

पुढच्या रविवारी बदलते काका, तिलाच पाना देणार आहे. बोटांनंतर.

पिंपळगावकर_बागायतदार

आज उघडीप आहे, दोन एकर झालं. ताई त्या टॉमीला ट्यूब कशी गुंडाळलीय ते सांगा ना, माझा हात घामाने सटकतो.

गोदाकाठची

आत्ता हातात घेऊन बघितलं. ट्यूबची अंगठ्याएवढी रुंद पट्टी, टोकापासून सुरू केलीय, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढलेला, ताणून. गाठ नाही. शेवटचं टोक मागच्या दोन वेढ्यांखाली खोचलंय.