सडा पडीक नाही!

कातळवाली
काल इथे एकाने लिहिलं, "कोकणी माणसाला एन्रॉन नको, जैतापूर नको, बारसू नको. आता ओसाड सड्यावर सोलरही नको. बसा मग अंधारात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.
सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. ते ओसाड दिसतं ते उन्हाळ्यात. ऑगस्टात या. खळग्याखळग्यांत पाणी, त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी रानफुलं. तेच पाणी जांभ्याच्या भेगांतून झिरपतं, म्हणून खालच्या वाडीच्या विहिरी तग धरतात. वर जेसीबी फिरवून सपाट केलंत तर खाली काय उरेल? बारसू, देवीहसोळ, कुडोपीची कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तीही अशाच कातळावर आहेत, ज्याला सातबारा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला नालायक जमीन, म्हणतो.

बोरिवलीकर
प्रत्येक सड्यावर कातळशिल्प नसतं. एका मेगावॉटला साधारण चार एकर लागतात, म्हणजे अख्खा सडा जात नाही. तौक्ते वादळात गावी कितीतरी दिवस वीज नव्हती, बाबांचं इन्सुलिन शेजाऱ्याच्या बर्फात ठेवलं होतं. आणि आपल्या दिव्यांसाठी चंद्रपूरकरांनी कोळशाच्या वीजकेंद्राची राख गिळायची? त्यांचं गाव गाव नाही?

कातळवाली
चंद्रपूरचं म्हणणं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तौक्तेत खांब आडवे झाले होते, वीज कमी पडली नव्हती. सड्यावर सोलर असतं तरी बाबांचा फ्रिज बंदच राहिला असता.

वाडीतलो
सोलर ऱ्हवांदे बाजूक. आमका कोणी इचारल्यान? आमच्या सामाईक सड्यातला आपला हिस्सा चुलतभावाने मुंबईत बसून दलालाला विकला. आम्हाला कळलं ते कुंपणाचे खांब आले तेव्हा. गुरांची वाट बंद झाली. वाटप झालेलं नाही, तरी म्हणे 'आमचा हिस्सा इथेच'. विरोध आहे तो याला.

बोरिवलीकर
आलं खापर चाकरमान्यांवर! घरपट्टी आम्ही भरायची, कौलं आम्ही परतायची, आणि ग्रामसभेत तोंड उघडलं तर "तुमचं मतदान इथे नाही". सातबाऱ्यावर नाव असून आम्ही परके?

वाडीतलो
मत नाही म्हणून विकायचं? आम्हाला एक फोन करता आला असता. तुम्ही गणपतीत दहा दिवस येता, आम्ही बारा महिने त्या वाटेने गुरं नेतो.

बोरिवलीकर
मी एक गुंठाही विकलेला नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

आंबेवाला
भांडण आवरा. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकावी लागत नाही. भाडेपट्टा आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. आंब्याच्या कलमांचा फवारणीचा खर्च धरला तर हे उत्पन्न वाईट नाही.

वाडीतलो
आमच्या सातबाऱ्यावर पन्नासेक नावं, त्यातली निम्मी वारलेली. भाडं कोणाच्या खात्यात? आधी वारसनोंदी, मग जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप. तोवर दलाल दारात उभाच.

कातळवाली
भाडेपट्टा असेल, पाहणी भर पावसात होईल, गुरांची वाट आणि पाणवठे सोडतील, तर ग्रामसभेत मी हात वर करीन. तेही नाइलाजाने. देवगडच्या पवनचक्क्यांखालून लोक आजही फिरतात. कुंपणाआडचं सोलर तसं नसतं.

बोरिवलीकर
पावसाळी पाहणी मान्य. पण ते चाकरमान्यांबद्दलचं आधी मागे घ्या.

वाडीतलो
खांब उपटले की घेतो.