फ्लेमिंगनंतरचा बाँड: पुन्हा वाचण्याजोग्या कादंबऱ्या कोणत्या?

बर्डीचा वाचक
मंडळी, इयान फ्लेमिंगची जेम्स बाँडवरची मूळ 14 पुस्तकं पुन्हा वाचून झाली. आता 1964 साली तो गेल्यानंतर इतरांनी लिहिलेल्या बाँड-कादंबऱ्यांकडे वळायचंय. एकदा वाचलेल्या असल्यामुळे शेवट ठाऊक आहेत. एकट्या जॉन गार्डनरच्याच 14 आणि रेमंड बेन्सनच्या 6, तेव्हा सरसकट सगळ्या घेण्यात अर्थ नाही. शेवट माहीत असूनही कोणत्या टिकतात, ते कारणासकट सांगा. नागपूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडणं होत नाही, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर आहे.

धरमपेठ
रहस्य काढून घेतल्यावर पुस्तकात काय उरतं, ते बघा. फ्लेमिंगच्या 'गोल्डफिंगर'मध्ये खलनायक कोण हे सुरुवातीलाच कळतं. खरी गोडी कॅनस्टा या पत्त्यांच्या खेळाच्या डावात आणि गोल्फच्या सामन्यात आहे. म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून चाळू नका. बाँड आणि खलनायक समोरासमोर बसतात ते प्रकरण काढा आणि वीसेक पानं वाचा. तिथे नुसती माहितीची देवाणघेवाण असेल, तर पुस्तक परत ठेवा.

या कसोटीवर सगळ्यात वर 'कर्नल सन' (1968). किंग्जली एमिसने ती रॉबर्ट मार्कहॅम या टोपणनावाने लिहिली. त्याआधी 1965 मध्ये त्याने बाँड-पुस्तकांवर एक अख्खा अभ्यासग्रंथ लिहिला होता, त्यामुळे फ्लेमिंगची गोष्ट कुठल्या खिळ्यावर टांगलेली असते हे त्याला नेमकं माहीत होतं. बाँड नेहमीसारखा एमच्या, म्हणजे गुप्तहेर खात्यातल्या आपल्या साहेबाच्या घरी जातो आणि आत भलतीच माणसं असतात. आजवर टेबलामागून हुकूम सोडणारा एम असहाय दिसतो, आणि तो धक्का दुसऱ्या वाचनातही बोथट होत नाही. छळाचं प्रकरण तर सलग वाचवत नाही. ग्रीक बेटांमधला बोटीचा मधला भाग मात्र रेंगाळतो, तो भरभर वाचला तरी चालेल.

अँथनी होरोविट्झच्या तिन्हींमध्ये 'विथ अ माइंड टू किल' (2022) माझ्या मते सर्वात भक्कम, पण ती सुटी वाचू नका. आधी फ्लेमिंगची 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस', मग 'द मॅन विथ द गोल्डन गन' आणि लगेच ही. 'गोल्डन गन'च्या सुरुवातीला रशियनांनी बुद्धिभेद करून पाठवलेला बाँड एमवर सायनाइडचा हल्ला करतो. त्यानंतरचे त्याचे उपचार फ्लेमिंगने घाईत आटोपले होते, होरोविट्झ नेमका तोच धागा उचलतो. तो ताजा नसेल तर पहिलंच प्रकरण वाया जातं. 'ट्रिगर मॉर्टिस' (2015) मधली जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगची मोटारशर्यत फ्लेमिंगच्या न वापरलेल्या टीव्ही-आराखड्यावर बेतलेली आहे. ती शर्यत आणि खलनायक सिन आपला भूतकाळ सांगतो ते प्रकरण, एवढं अवश्य वाचा. उत्तरार्ध सिनेमाच्या पटकथेसारखा धावतो.

विल्यम बॉइडच्या 'सोलो'चा (2013) आफ्रिकेतला भागच घ्या. बॉइडचं बालपण घाना-नायजेरियात गेलं, ते पानोपानी जाणवतं. त्यातली बाँडच्या सॅलड ड्रेसिंगची तळटीपही सोडू नका: 5 भाग रेड वाइन व्हिनेगरला 1 भाग ऑलिव्ह तेल, म्हणजे नेहमीच्या प्रमाणाच्या बरोबर उलट. एका तळटिपेत अख्खा माणूस उभा राहतो. सेबॅस्टियन फॉक्सची 'डेव्हिल मे केअर' (2008) एकदा पुरे, तिच्यातला टेनिसचा सामना गोल्डफिंगरच्या गोल्फची नक्कल आहे. जेफ्री डीव्हरची 'कार्ट ब्लांश' (2011) वाचकापासून माहिती लपवून चालते. लपवलेलं कळलं की संपलं.

जुना पेपरबॅक
वरच्या यादीशी सहमत, पण गार्डनर आणि बेन्सन अगदीच वगळू नका, दादा. गार्डनरची अडचण फितुरीची. 'आइसब्रेकर'मध्ये (1983) कोण कोणाच्या बाजूने हे इतक्यांदा पालटतं की उत्तर माहीत असलं की पानं जड होतात. याउलट 'नोबडी लिव्हज फॉरएव्हर' (1986): स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेने बाँडच्या डोक्यावर बक्षीस लावलंय, एमची सेक्रेटरी मनीपेनी आणि बाँडचं घर सांभाळणारी मे पळवल्या गेल्यात आणि युरोपभरचे मारेकरी मागे आहेत. कट सरळ, म्हणून ताण टिकतो. गार्डनरची एकच घ्यायची तर हीच.

बेन्सनची भाषा सपाट आहे, हे खरंच. तरी 'हाय टाइम टू किल' (1999) घ्या. विमान कांचनजंगेवर (8586 मीटर) पडतं आणि बाँड गिर्यारोहकांच्या तुकडीसोबत, चंद्रा नावाच्या गुरखा सैनिकाबरोबर वर चढतो. चढाई सुरू झाली की उंचीच बाँडला छळते, तिथे भाषेचा सपाटपणा खुपत नाही. दुसरी 'झीरो मायनस टेन' (1997), हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जाण्याआधीचे 10 दिवस. तिच्यातला माहजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाचा डाव गोल्डफिंगरच्या कॅनस्टाच्या पंगतीत बसतो.

ग्रंथवेडा
प्रतींबद्दल. जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'कर्नल सन' एमिसच्या नावाने सापडली नाही, तर मार्कहॅमच्या नावाने शोधा. मुखपृष्ठावर सिनेमाचे फोटो असलेल्या 'लायसन्स टू किल', 'गोल्डनआय', 'टुमॉरो नेव्हर डाइज' या पटकथांवरून लिहिलेल्या, त्या सोडा. अपवाद ख्रिस्तोफर वुडची 'जेम्स बाँड, द स्पाय हू लव्हड मी' (1977). ती सिनेमापेक्षा कडक आहे आणि फ्लेमिंगच्या त्याच नावाच्या कादंबरीशी तिचा कथेपुरता काहीच संबंध नाही.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात जुन्या पेपरबॅकच्या कण्याचा डिंक कडक होतो आणि पुस्तक सपाट उघडलं की मधोमध तडकतं. विकत घेताना मधली पानं हलकेच उघडून कणा बघा. घरी वरच्या फळीवर, स्लॅबलगत ठेवू नका. कूलरच्या झोतात तर मुळीच नको, ओलाव्याने पानं वाकतात. पान सुटलंच तर सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. काडीच्या टोकाने फेव्हिकॉलची अगदी बारीक रेघ पानाच्या आतल्या कडेला ओढा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला, पुस्तक मिटून वर जड काहीतरी ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.