जुनी पिकअप घेतली, टायरची दुखणी निघाली: आधी काय बघावे?

१९९८ चे मॉडेल, पार्ट-टाइम फोर-व्हील (चारही चाकांना ताकद गरजेपुरतीच जोडायची), पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी), मागे पाटे. इंजिन उत्तम आहे, तक्रार फक्त टायरची.

पुढच्या उजव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झाली आहे, बाकी नक्षी ५-६ मिमी शिल्लक. मागच्या डाव्या चाकातली हवा आठवड्याभरात ३५ वरून २० पीएसआयवर येते, पण खिळा सापडत नाही. ताशी ८० ते ९५ किमीला स्टिअरिंग थरथरते, त्याच्या वर आणि खाली नाही. साइडवॉलवर बारीक भेगा आहेत. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पी२३५/७५ आर१५ लिहिले आहे. सरळ नवा संच घालून अलाइनमेंट करून घ्यावी का? हौद्यात अधूनमधून वजन असते.

प्रतिसाद १

संच लागेलच असे दिसते, पण तो शेवटी. आतली कड खाणारे कारण गाडीत तसेच राहिले तर नवे टायरही तसेच जातील. आधी चारही टायर आणि स्टेपनीवरची तारीख वाचा. साइडवॉलवर 'डॉट'ने सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा २३वा आठवडा. बाहेरच्या बाजूला ओळ अर्धीच असेल तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघा, पुष्कळदा तारीख तिथेच असते. तीनच अंक असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा.

नक्षी किती उरली यावर जाऊ नका. १.६ मिमी ही झिजेची मर्यादा आहे, वयाचा तिच्याशी संबंध नाही. रबर वापर नसतानाही ऊन, उष्णता आणि ओझोनने कडक होते आणि आतल्या पोलादी पट्ट्यांची पकड सुटू लागते. बरेच गाडी उत्पादक ६ वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, टायर कंपन्या जास्तीत जास्त १० वर्षे धरतात. जुन्या पिकअपमध्ये हा धोका अधिक, कारण ती महिनोन्‌महिने उभी असते आणि मग एकदम वजन घेऊन लांब जाते.

धागाकर्ता

पाहिले. तीन टायरवर ३६१३. मागच्या डाव्यावर ०८१९, पण त्याचा साइज २२५/७५ आर१५ आहे. स्टेपनीवर तीनच अंक: १५८, पुढे छोटा त्रिकोण.

प्रतिसाद २

त्रिकोण ९० च्या दशकाची खूण आहे. म्हणजे १९९८ चा १५वा आठवडा, गाडीबरोबर आलेली मूळ स्टेपनी. नक्षी नवी दिसत असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका, संचाबरोबर पाचवा टायर घ्या. हौद्याखालचे स्टेपनी उतरवायचे साधन आत्ताच फिरवून बघा. त्याची तार गंजून अडकते किंवा तुटते, आणि ते नेमके रस्त्यावर कळते.

साइजचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. २३५/७५ आर१५ चा व्यास सुमारे ७३३ मिमी, २२५/७५ आर१५ चा ७१८. दर किलोमीटरला लहान चाक सुमारे ९ फेऱ्या जास्त फिरते. एकाच ॲक्सलवर हा फरक असला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेचे) गिअर सतत फिरत राहतात, लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरत फिरू न देणारा) प्रकार असेल तर त्यातल्या क्लच प्लेट झिजतात. फोर-व्हील लावले की ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीत) ताण साठतो आणि लिव्हर बाहेर येत नाही. चारही टायर एकसारखे होईपर्यंत फोर-व्हील लावू नका. कोरड्या डांबरी रस्त्यावर तर नंतरही नको.

प्रतिसाद ३

हवा उतरण्याबद्दल. चाक काढा, ठरलेली हवा भरा आणि साबणाचे पाणी या क्रमाने लावा: व्हॉल्वचे तोंड, व्हॉल्वचे बूड, दोन्ही बाजूंची बीडची (टायरच्या रिमवर बसणाऱ्या भागाची) कड, शेवटी नक्षी. तोंडाशी बुडबुडे आले तर पिन घट्ट करा किंवा बदला. बुडाशी आले तर रबरी व्हॉल्व चिरला आहे, तो बोटाने वाकवला की भेग उघडते. खिळा नसताना इतक्या जुन्या पोलादी रिमवर माझा पहिला संशय बीडवर. जिथे रबर टेकते तिथे गंजाचे पापुद्रे निघतात. टायर उतरवून ती जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करायची, रंगाचा पातळ थर वाळू द्यायचा आणि मग बीड सीलर. खोल खड्डे पडले असतील तर रिम बदला.

नवे टायर बसवताना सगळे व्हॉल्व नवे घाला. नेहमीचा दाबून बसवायचा रबरी टीआर ४१३ हा ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. जास्त दाबाचे एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचे) टायर घेतले तर हाय-प्रेशर व्हॉल्व किंवा नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व मागा.

पुढे कधी खिळा सापडलाच तर: नक्षीच्या भागातले ६ मिमीपर्यंतचे भोक टायर उतरवून, आतून पॅच आणि दांडी एकत्र असलेल्या तुकड्याने बुजवा. बाहेरून खुपसलेली दोरी गाडी हलवण्यापुरती. खांद्यावर किंवा साइडवॉलवर दुरुस्ती नाहीच.

प्रतिसाद ४

उजव्या कडेचे कारण. पार्किंग ब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडणी लावा. टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला असेल तर जॅक त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या (आर्म आणि चाक जोडणाऱ्या फिरत्या सांध्याच्या) जवळ लावा. चॅसीखाली लावला तर ताणामुळे जॉइंटचा प्ले (ढिलेपणा) लपतो, आणि ही तपासणी इथेच फसते. चाक १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरून हलवा. इथला प्ले बहुधा टाय रॉड एन्ड, आयडलर आर्म किंवा स्टिअरिंग बॉक्सचा.

नक्षीवरून आडवा तळवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो (वरून पाहिल्यावर चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) बिघडला आहे. तसे न लागता नुसती कड गेली असेल तर कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल). टॉर्शन बार खचून पुढची उंची कमी झाली तरी कॅम्बर बदलतो, म्हणून दोन्ही बाजूंची उंची मोजा. क्रम असा ठेवा: ढिले भाग, मग उंची, मग नवे टायर, शेवटी अलाइनमेंट. प्ले असलेल्या गाडीची अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जाते.

थरथर ठरावीक वेगातच येते म्हणजे बॅलन्सिंगची शक्यता जास्त. स्टिअरिंगला आली तर पुढचे चाक, सीटला आली तर मागचे. पण चाक उचललेलेच आहे तर हाताने सावकाश फिरवून नक्षीत फुगवटा दिसतो का बघा. दिसला तर आतली पट्टी सुटली आहे, त्या टायरवर गाडी चालवूच नका.

धागाकर्ता

फुगवटा नाही. उजव्या बाजूला १२-६ ला प्ले आहे, ब्रेक दाबूनही राहतो. टायर पी (पॅसेंजर गाडीचे) घ्यावेत की एलटी? एलटीमध्ये हवा किती?

प्रतिसाद २

मग बॉल जॉइंट आधी. तो निखळला तर चाक आडवे पडते, त्यामुळे तोवर गाडी बाहेर काढू नका. डावाही तितकाच जुना असेल, दोन्ही बदला.

वजन अधूनमधूनच असेल तर स्टिकरप्रमाणे पी चालेल. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) १०५ म्हणजे ९२५ किलो, पण पी टायर पिकअपवर असताना तो आकडा १.१ ने भागायचा, म्हणजे साधारण ८४० किलो. मागच्या ॲक्सलचे कमाल वजन त्याच स्टिकरवर असते, दोन टायरची बेरीज त्याच्या वर हवी. हौदा रोज भरणार असाल तर एलटी लोड रेंज (टायरच्या मजबुतीचा वर्ग) सी घ्या. मात्र तेवढेच वजन पेलायला एलटीला पीपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे स्टिकरचा आकडा पुरत नाही. टायर कंपनीच्या वजन-दाबाच्या तक्त्यातून घ्या. साइडवॉलवरचा कमाल आकडा म्हणजे रोजची हवा नव्हे. हवा थंड टायरमध्ये मोजा, गाडी ३ तास उभी असताना.

चाक परत बसवताना हबचा गंज ब्रशने काढा, नट ताऱ्याच्या क्रमाने टॉर्क पान्ह्याने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका. ८० ते १०० किमी चालवल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.