वृद्ध वाढले की आरोग्यखर्चही त्याच पटीत वाढतो का?

कुतूहल:
लोकसंख्येच्या वार्धक्यावर काहीही वाचायला घेतलं की तोच आलेख समोर येतो. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर दरडोई आरोग्यखर्च, आणि साठीनंतर रेघ उभी चढत जाते. मग लिहिणारा गुणाकार करतो: पासष्टीपुढचे लोक दुप्पट होणार, त्यांचा माणशी खर्च तरुणांच्या कितीतरी पट, म्हणजे तिजोरी रिकामी होणार. हा गुणाकार बरोबर आहे का? शंका आली ती जपानमुळे. तिथे दर दहांत जवळपास तीन जण पासष्टीपुढचे, तरी आरोग्यावर जीडीपीच्या साधारण ११ टक्के जातात. अमेरिकेत साधारण सहांत एक जण पासष्टीपुढचा, आणि खर्च १७ टक्क्यांच्या आसपास. हे कसं?

जुना_विमागणिती:
आरोग्यविम्याचे हप्ते ठरवण्यात माझी सगळी नोकरी झाली. हा आलेख मी स्वतः असंख्य वेळा काढलाय. त्यातले आकडे खरे असतात, गुणाकार चुकतो. जरा सविस्तर लिहितो, कारण याच गुणाकाराच्या जोरावर म्हाताऱ्या माणसांच्या सोयी कापल्या जाताना मी पाहिल्यात आणि ते मला आजही सहन होत नाही.

ऐंशी वर्षांच्या हजार जणांची सरासरी काढली, की त्यात त्या वर्षी दगावणारेही येतात आणि पुढे दहा वर्षं ठणठणीत जगणारेही. दगावणाऱ्यांचा खर्च अफाट असतो. आयसीयू, पुन्हा पुन्हा भरती, तपासण्यांवर तपासण्या. तिशीच्या गटात असे फार थोडे, ऐंशीच्या गटात बरेच. सरासरी चढते ती पुष्कळशी त्यामुळे. या दोघांचे आलेख वेगवेगळे काढा, रेघ बरीच आडवी होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ व्हिक्टर फुक्स यांनी १९८४ मध्येच याकडे बोट दाखवलं होतं. १९९९ मध्ये झ्वाइफेल, फेल्डर आणि मायर्स या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या विमा निधींची आकडेवारी तपासली. पासष्टीनंतर खर्च ठरतो तो मरण किती जवळ आलंय यावरून, वयावरून नव्हे, असं त्यांना आढळलं. म्हणजे आयुष्य ७५ वरून ८५ वर गेलं, तर तो महागडा काळ दहा वर्षं पुढे सरकतो. माणूस मरतो एकदाच. शिवाय नव्वदीत दगावणाऱ्यावर शेवटच्या वर्षी रुग्णालयात होणारा खर्च सत्तरीत दगावणाऱ्यापेक्षा सहसा कमीच असतो.

मग वाढ कुठून येते? अर्थतज्ज्ञ जोसेफ न्यूहाउस यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या काही दशकांच्या वाढीचा हिशेब मांडला. वार्धक्य, वाढतं उत्पन्न, विम्याचा प्रसार, सगळं वजा केल्यावरही निम्म्याहून जास्त वाढ शिल्लक राहिली. ती त्यांनी मुख्यतः नव्या तंत्रज्ञानाच्या खाती टाकली. हे नीट समजून घ्यायचं तर हृदयाची झडप बघा. छाती उघडायचा धोका झेपणार नाही अशा वृद्धांना पूर्वी डॉक्टर फक्त औषधं देत. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरात हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवली, आणि आज ऐंशीच्या माणसाला ती सर्रास बसते. आता हा खर्च वयाच्या रकान्यात दिसेल, पण तो आला शोधामुळे. आणि यावा! त्या माणसाला जिना चढता येतो.

जपानचं उत्तर दरांत आहे. तिथे प्रत्येक तपासणीचा आणि शस्त्रक्रियेचा दर सरकार देशभरासाठी ठरवतं आणि दर दोन वर्षांनी बदलतं. अमेरिकेत त्याच कामाचे दर कितीतरी चढे.

रात्रपाळी:
दादा, तुमचं रुग्णालयापुरतं पटलं. मी परिचारिका आहे, दीर्घ शुश्रूषेच्या वॉर्डात. माझ्याकडचे लोक मरणाच्या दारात नसतात. विस्मरणाचे, अर्धांगाचे, मोडलेल्या खुब्याचे रुग्ण असतात, आणि कितीतरी वर्षं असतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलायची, घास भरवायचा, ठसका लागत नाही ना बघायचं, कपडे बदलायचे. उचलायला दोघी लागतात. यातलं कुठलं काम यंत्राने झटपट उरकतं? हा खर्च वयाबरोबर वाढतोच, आणि ऐंशीनंतर झपाट्याने.

जपानने १९७३ मध्ये वृद्धांना उपचार मोफत केले, तेव्हा उपचार संपलेले लोकही रुग्णालयातच राहू लागले, कारण सांभाळायला दुसरी जागाच नव्हती. पुढे २००० मध्ये त्यांनी शुश्रूषेचा वेगळा विमा काढला, चाळिशीपासून सगळ्यांकडून हप्ता घेऊन. जर्मनीने तो १९९५ मध्येच आणला होता. जिथे असं काहीच नाही तिथे हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही. कुणाची तरी मुलगी नोकरी सोडून घरी बसलेली असते.

कुतूहल:
दोघांचेही आभार. एकच विचारते. खर्च मरणाजवळ साठत असेल, तर शेवटच्या वर्षातले निरुपयोगी उपचार थांबवून बरीच बचत होईल ना?

जुना_विमागणिती:
आधी रात्रपाळी ताईंना: तुमचं अगदी बरोबर आहे. माझ्या लिहिण्यात ती बाजू यायलाच हवी होती.

कुतूहल, अमेरिकेच्या मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, सुमारे चौथा हिस्सा शेवटच्या वर्षातल्या रुग्णांवर जातो, हे खरंय. पण ‘शेवटचं वर्ष’ हे माणूस गेल्यावर कळतं. २०१८ मध्ये आयनाव, फिंकेलस्टाइन आणि सहकारी संशोधकांनी मेडिकेअरच्या रुग्णांबद्दल संगणकाकडून आगाऊ अंदाज घेतले. वर्षभरात मरण्याची शक्यता जगण्यापेक्षा जास्त आहे असं ज्यांच्याबद्दल आधी सांगता येत होतं, त्यांच्यावरचा खर्च एकूणात ५ टक्क्यांहूनही कमी निघाला. बाकीचे खूप आजारी होते, पण वाचतील अशी आशा होती. त्यांच्यातले पुष्कळ वाचलेही. त्यांच्यावरच्या उपचारांना निरुपयोगी कसं म्हणायचं? उपशामक सेवा मात्र जरूर वाढवा. ती वेदना कमी करते, हे कारण पुरेसं आहे.

तुम्हाला अंदाज मांडायचाच असेल तर दोन रकाने करा. रुग्णालयाचा खर्च त्या वर्षीच्या मृत्यूंना जोडा. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी आता त्या वयात पोचतेय, तेव्हा तो आकडा काही काळ चढेलच. शुश्रूषेचा रकाना ऐंशीपुढच्यांना जोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०५० पर्यंत जगात ते ४२ कोटींच्या वर जातील. त्यांच्यातल्या किती जणांना स्वतःच्या हाताने जेवता-नाहता येईल, हा त्यातला सगळ्यात मोठा अज्ञात आकडा. आणि ताई म्हणतात ते बिनपगारी तासही त्याच रकान्यात धरा.