वृद्धांचा छळ थांबवायला जागतिक करार हवा, की आहेत ते कागद पुरेत?

उंबरठा (धागाकर्ता)

३ एप्रिल २०२५ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने मतदान न घेता एक ठराव मंजूर केला. वृद्धांच्या हक्कांसाठी बंधनकारक करार लिहायला घ्यायचा आणि त्यासाठी सरकारांचा कार्यगट बसवायचा, एवढंच त्यात आहे. पण एवढं ठरायला किती काळ गेला ते पाहा. १९८२ मध्ये व्हिएन्नाला वृद्धांसाठी काय करायचं याचा पहिला आराखडा झाला. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तत्त्वं जाहीर केली. २००२ मध्ये माद्रिदला दुसरा आराखडा. त्यात वृद्धांची हेळसांड, छळ आणि हिंसा यांवर वेगळा भाग आहे, पण तो पाळला नाही म्हणून कुठल्याही सरकारला जाब विचारायची सोय नाही. मग २०१० मध्ये आमसभेने एक कार्यगट नेमला, त्याची २०११ ते २०२४ अशी चौदा अधिवेशनं झाली आणि मुख्य घोळ एकच राहिला: करार हवा की नको. २०१२ मध्ये याच विषयावर ठराव आला तेव्हा बहुसंख्य देश तटस्थ बसले होते.

माझं मत, करार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो. मारहाण त्यात थोडी. टाकून बोलणं, धाक दाखवणं, पैसे काढून घेणं, खाण्या-औषधाकडे न बघणं हेच जास्त. बायकांसाठी १९७९ चा करार आहे, मुलांसाठी १९८९ चा, अपंगांसाठी २००६ चा. म्हाताऱ्यांच्या वाट्याला १५ जूनचा जागृती दिन आणि १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ दिन. दोन दिवस मिळाले, कलम एकही नाही.

तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी

कलम नाही कसं? अपंगांच्या करारातलं १६ वं कलम वाचा. शोषण, हिंसा आणि छळ यांपासून संरक्षण, शिवाय संस्थांवर स्वतंत्र देखरेख, सगळं लिहिलेलं आहे. ते किती सरकारांनी मनावर घेतलं? नवा करार म्हणजे नवी समिती, नवे अहवाल, अहवाल लिहिणारे नवे अधिकारी.

दुसरं, मुलांच्या कराराचं उदाहरण नेहमी देतात. स्वीडनने मुलांना मारण्यावर बंदी घातली १९७९ मध्ये, म्हणजे करारापेक्षा दहा वर्षं आधी. ज्याला करायचं असतं तो सहीची वाट बघत नाही.

तिसरं, तुमचा 'सहापैकी एक'. तो २०१७ च्या एका अभ्यासातला आहे: २८ देशांतली ५२ संशोधनं एकत्र करून काढलेली सरासरी. बाकीच्या दीडशेहून जास्त देशांत काय चाललंय ते त्यात नाहीच. आधी मोजा, मग कायदे करा.

पन्नाशीपार

'आधी मोजा' हे ऐकायला बरं वाटतं, पण मोजत का नाहीत ते विचारलंय कधी? घरातल्या हिंसेबद्दल बायकांना घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी मोठी सर्वेक्षणं अनेक देशांत वर्षानुवर्षं १५ ते ४९ याच वयोगटापुरती होत आली. पन्नासावं लागलं की बाई प्रश्नावलीतून बाहेर. मार थांबतो म्हणून नव्हे. सर्वेक्षण मुळात प्रसूती आणि कुटुंबनियोजनासाठी बेतलेलं, म्हणून. कोणी बंधन घातल्याशिवाय ही रेघ पुढे सरकत नाही. माझ्या मते करार हाच मोजण्याचा हुकूम.

तिसरी_पाळी

मी अकरा वर्षं एका वृद्धनिवासात रात्रपाळी करते. त्या २०१७ च्या संशोधकांनी पुढे संस्थांचंही पाहिलं होतं. तिथे दर तीन कर्मचाऱ्यांपैकी जवळपास दोघांनी वर्षभरात आपल्या हातून काही ना काही गैरवागणूक झाल्याचं कबूल केलं. इथे कोणी नावानिशी ओळखत नाही म्हणून लिहिते: त्या दोघांत मी आहे.

पहाटे चारला एक आजी अकराव्यांदा घंटा वाजवतात. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत एकजण पलंगावरून उतरायला बघतायत, पडले तर खुबा मोडणार. मी आजींच्या हातातून घंटेचं बटण काढून उशाच्या मागे टाकलं. ओरडले नाही, मारलं नाही. फक्त त्यांना कोणाला हाक मारता येणार नाही अशी सोय केली. सकाळी नोंदवहीत लिहिलं 'रात्र शांत'.

मनगटं बांधतात ते तर सगळ्यांना माहीत आहे. 'पडू नयेत म्हणून'. घरच्यांची सही घेतलेली असते, त्यामुळे सगळं कायदेशीर. मला सांगा, तुमच्या करारात माझ्या पाळीला किती माणसं असावीत ते लिहिणार आहात का? नसाल तर मी हिशेबींच्या बाजूने.

मध्येच_बोलतो

तिसरी_पाळी, असं लिहायला धाडस लागतं. बाकीच्यांनी कृपा करून त्यांच्यावर तुटून पडू नये.

उंबरठा

तुटून कोण पडणार? हे वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही.

तरीही मुद्दा सोडत नाही, कारण तुमच्याच खोलीचं उदाहरण आहे. ऑस्ट्रियात २०१२ पासून लोकपालाचे आयोग वृद्धनिवासांत तपासणीला जातात. वैद्यक, कायदा, समाजकार्य जाणणारी माणसं, बहुतेक वेळा न कळवता. त्यांना हा अधिकार कुठून आला? छळविरोधी कराराचा २००२ चा जोड-करार आणि हिशेबींनीच सांगितलेलं १६ वं कलम, या दोन कागदांतून. जोड-करार मूळचा तुरुंग, कोठड्या अशा जागांसाठी. मग कोणीतरी विचारलं, ज्या माणसाला दार उघडून बाहेर जाता येत नाही तो कुठेही असला तरी कोंडलेलाच ना? म्हणून वृद्धनिवासही यादीत आले. कागदातून दारावर थाप मारणारा माणूस निघतो तो असा.

हिशेबी

छान उदाहरण, आणि माझ्याच बाजूचं. दोन जुन्या करारांतून काम झालं, तिसरा लागला नाही!

उंबरठा

ऑस्ट्रियात झालं. जुन्या करारांत 'म्हातारपण' हा शब्द ओढूनताणून बसवावा लागतो, आणि ओढायचं की नाही ते त्या-त्या सरकारच्या मर्जीवर. शिवाय प्रत्येक म्हातारा अपंग नसतो. ज्या बाईच्या सह्या घेऊन घर दुसऱ्याच्या नावावर केलं ती धडधाकट होती. तिला लुबाडलं ते 'आता हिला काय करायचंय' या विचाराने.

अमेरिका खंडात २०१५ मध्ये वृद्धांसाठी वेगळा प्रादेशिक करार झाला, २०१७ पासून लागू आहे. त्यात हेळसांड आणि टाकून देणं यांच्या व्याख्या आहेत. लगेच २०१८ मध्ये तिथल्या मानवाधिकार न्यायालयाने चिलीच्या सरकारला दोषी धरलं. ७६ वर्षांचा रुग्ण, सरकारी रुग्णालयातून लवकर घरी पाठवलेला, बेशुद्ध असताना घरच्यांच्या संमतीविना शस्त्रक्रिया केलेली, २००१ मध्ये दगावला. कुटुंब सतरा वर्षं लढलं. वृद्धांना उपचारांत वेगळं संरक्षण मिळायला हवं, असं त्या न्यायालयाने पहिल्यांदा म्हटलं.

हिशेबी

निकाल मीही वाचलाय. तो २०१५ च्या करारावर नाही, १९६९ च्या सर्वसाधारण मानवाधिकार करारावर दिलाय. घटना २००१ ची, नवा करार लावताच आला नसता. आणि तुमच्या त्या २०१५ च्या करारात अमेरिका आणि कॅनडा दोघंही नाहीत, हे सांगायचं राहिलं वाटतं.

उंबरठा

निकालाचं बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. न्यायालयाने नव्या कराराचा आधार विवेचनात घेतला, निकालाचा पाया जुनाच. अमेरिका-कॅनडाचंही मान्य. आफ्रिकेचं मात्र बघा. तिथला वृद्धांसाठीचा प्रोटोकॉल २०१६ मध्ये स्वीकारला गेला आणि पुरेशा देशांच्या मंजुऱ्या मिळून लागू व्हायला २०२४ उजाडलं. त्यात म्हाताऱ्या बायकांना चेटकीण ठरवण्याविरुद्ध तरतूद आहे. व्हिएन्ना-माद्रिदला बसून हे कोणाला सुचलं नसतं. तिथल्याच लोकांनी लिहिलं म्हणून आलं.

शब्दखुळा

जरा अवांतर. वर छळ, हेळसांड, दुर्लक्ष सगळं एकाच अर्थाने चाललंय. मराठीत आणखी एक शब्द आहे, आबाळ. त्याची गंमत अशी की आबाळ 'होते'. 'शेवटी त्यांची फार आबाळ झाली,' असं आपण म्हणतो आणि उसासा टाकतो. कोणी केली हे वाक्यात येत नाही, विचारायचीही पद्धत नाही. पाऊस पडावा तशी ती पडते. हेळसांड म्हटलं की लगेच करणारा शोधावा लागतो, म्हणून नातेवाइकांच्या तोंडी तो शब्द सहसा येत नाही.

इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत १९७५ च्या सुमारास 'आज्यांना मारहाण' अशा अर्थाचा शब्द पहिल्यांदा छापला गेला. त्याआधी म्हातारी माणसं पडायची, धडपडायची, अंगावर वळ 'उठायचे'. शब्द आला तसे डॉक्टर वळ कोणी उठवले ते विचारू लागले. कराराने आणखी काही नाही केलं आणि 'होते'चं 'केली' केलं, तरी मी सही करीन.

मध्येच_बोलतो

शब्दखुळा, यात मला धोका दिसतो. सासूबाईंना विस्मृतीचा आजार होता, सात वर्षं आम्ही दोघांनी घरीच सांभाळलं. शेवटच्या दोन वर्षांत दिवसाला सलग तीन तास झोप मिळाली तर नशीब. जेवण द्यायला उशीर व्हायचा, कपडे ओले राहायचे. आबाळ झाली, हो. आता तुम्ही म्हणणार 'केली', आणि कर्ता म्हणून माझ्या बायकोचं नाव घालणार. त्या सात वर्षांत सरकारकडून एक तासाची विश्रांती कोणी दिली नाही. मग कर्ता कोण?

आणि ऑस्ट्रियाचे तपासनीस वृद्धनिवासात जातात. बहुतेक म्हातारी माणसं घरातच असतात. घराच्या दारावर थाप कोण मारणार, आणि मारलीच तर हातात काय घेऊन येणार? शिक्षा, की दोन दिवसांसाठी एक बदली माणूस?

पन्नाशीपार

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आरोग्य संघटनेच्याच कागदांत ज्या उपायांबद्दल थोडीफार आशा दाखवली आहे त्यांत काळजीवाहूंना आधार, पैशाचे व्यवहार सांभाळायला मदत, हेल्पलाइन आणि तातडीचा निवारा हे आहेत. शिक्षेचं नाव त्यांत नाही. आणि याही उपायांचा भक्कम पुरावा कमीच, कारण संशोधनाला पैसे नाहीत.

सातासमुद्रा

सगळे दारातल्या आणि घरातल्या छळाबद्दल बोलताय. माझ्या वडिलांना लुबाडणारा माणूस दुसऱ्याच खंडातून फोन करत होता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि 'नंबर परदेशी आहे' म्हणून वही मिटली. मी तिसऱ्या देशात. एकट्या अमेरिकेत साठीपुढच्या लोकांनी २०२३ मध्ये अशा फसवणुकीत ३४० कोटी डॉलरहून जास्त गमावल्याच्या तक्रारी त्यांच्या तपास यंत्रणेकडे आल्या. बोलले नाहीत ते वेगळेच. हिशेबी, इथे एका देशाचा कायदा काय कामाचा?

पुढे वडिलांचे व्यवहार बघण्यासाठी मी इथल्या न्यायालयाचा आदेश मिळवला, तर तिकडच्या बँकेने तो मानला नाही. यासाठी २००० सालचा हेग करार आहे, २००९ पासून लागूही आहे. प्रौढांचं पालकत्व एका देशात ठरलं की सदस्य देशांनी ते मानायचं. पण त्यात बहुतेक युरोपातलेच देश आहेत. आमचे दोन्ही देश नाहीत.

हिशेबी

इथे मात्र मी तुमच्यासोबत. गुन्हा सीमा ओलांडत असेल तर सहकार्यही ओलांडायला हवं, त्यात वाद नाही. पण लक्षात घ्या, हेगचा करार रुक्ष आहे: कुठल्या न्यायालयाचा अधिकार, कोणाचा आदेश कुठे चालणार. सन्मान-प्रतिष्ठेवर पानं नाहीत. म्हणूनच तो जिथे आहे तिथे चालतो. जिनिव्हातल्या मंडळींनी असं काही लिहिलं तर मी विरोध मागे घेईन.

उंबरठा

तेवढ्यावरही समाधान आहे. तिसरी_पाळी, तुम्ही मसुदा लिहायला बसलात तर काय घालाल? उपरोधाने विचारत नाही.

तिसरी_पाळी

दोन गोष्टी. रात्री चाळीस माणसांमागे दोघींऐवजी चौघी. आणि तक्रार करणारीचं नाव जिच्याबद्दल तक्रार आहे तिच्या टेबलावर जाता कामा नये. आमच्याकडे एकीने मनगटं बांधल्याचं वर कळवलं होतं. आठवड्यात तिची पाळी बदलली, महिन्यात ती गेली. तपासणीला माणसं आली तीही आधी कळवून. आम्ही पडदे धुतले.

हिशेबी

पहिली गोष्ट कुठल्याही करारात येणार नाही, ती पैशाची आहे. दुसरी येऊ शकते. एका ओळीचं काम आहे.

तिसरी_पाळी

मग ती ओळ तरी नीट लिहा. पहिलीसाठी मी इथेच भांडते. आजची पाळी दहाला सुरू होते, उद्या वाचते.