मदत हवी आहे: हंटिंग्टनच्या माउस मेंदूत ईआर-बीटाचं स्टेनिंग जिथे तिथे तपकिरी येतंय

मेंदूचा_कप्पा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागातला इस्ट्रोजेन रिसेप्टर-बीटा (ईआर-बीटा, इस्ट्रोजेन हॉर्मोनला पकडणारं प्रथिन) बदलतो का, असा प्रकल्पाचा प्रश्न आहे. आर६/२ माद्या (हंटिंग्टनचं जनुक घातलेली माउसची जात, वय १२ आठवडे) आणि एकाच वेतातल्या त्यांच्या निरोगी बहिणी यांचे मेंदू बाहेरच्या एका प्रयोगशाळेने ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने परफ्यूज करून (रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडून मेंदू पक्का करून), ४० मायक्रॉनचे काप करून पाठवलेत. काप ग्लिसरॉल-इथिलीन ग्लायकोलमध्ये उणे २० अंशांवर आहेत.

अँटिबॉडी सशाची पॉलिक्लोनल, जुनी. १:५०० ला ४ अंशांवर ४८ तास, मग तिला पकडणारी बायोटिनवाली सेकंडरी अँटिबॉडी, एबीसी (बायोटिनला चिकटणारा एन्झाइमचा संच), डॅब (तपकिरी रंग देणारं रसायन). स्ट्रायटमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सायटोप्लाझम तपकिरी होतं, न्यूक्लियस फिकट राहतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीही रंगतात. आर६/२ मध्ये रंग जास्त गडद आहे. अँटिबॉडी ज्या पेप्टाइडवर बनवली ते तिच्यात मिसळून पाहिलं तर रंग पूर्ण जातो, म्हणजे अँटिबॉडी बरोबर असावी. तरी मार्गदर्शकांना पटत नाही. कुठे चुकतंय?

राजारामपुरी_५वी_गल्ली

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. पेप्टाइडने रंग गेला यातून अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते एवढंच कळतं. तीच अँटिबॉडी मेंदूतल्या भलत्याच प्रथिनाला चिकटत असली तरी पेप्टाइड टाकल्यावर तोही रंग जाणारच. या चाचणीवर विसंबून ईआर-बीटाचे कितीतरी निष्कर्ष वर्षानुवर्षं छापले गेले.

२०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ईआर-बीटाच्या १३ अँटिबॉडींची पारख आली होती. कसोटीला एकच उतरली: पीपीझेड०५०६. ती मानवी प्रथिनावर बनवलेली आहे, पण रॅट आणि माउसवरही चालते हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. तीच घ्या.

आता खरा पेच. प्रौढ प्राण्याच्या स्ट्रायटममध्ये न्यूक्लियसमधला इस्ट्रोजेन रिसेप्टर फारच थोडा असतो. रॅटवरच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत हे रिसेप्टर मुख्यतः अ‍ॅक्झॉन, त्यांची टोकं आणि ग्लियामध्ये (आधार देणाऱ्या पेशींत) दिसले. तेव्हा प्रत्येक पेशी रंगलेली दिसली की आधी शंका अँटिबॉडीवर घ्यायची. पहिला काप स्ट्रायटमचा नकोच. हायपोथॅलॅमसचा पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियस असलेला घ्या, माउसमध्ये ब्रेग्मापासून (कवटीवरचा मोजमापाचा खूणबिंदू) साधारण ०.६ ते ०.९ मिमी मागे. तिथे न्यूक्लियस ठळक रंगले पाहिजेत. ते रंगले नाहीत तर पुढचं मोजणं वाया.

ईआर-अल्फाची (इस्ट्रोजेन रिसेप्टरचा दुसरा प्रकार) खूण तुमच्या हातातच आहे. स्ट्रायटमच्या मागच्या कापांमध्ये खाली मीडियल प्रीऑप्टिक भाग येतो, तो अल्फाने गच्च भरलेला असतो. अल्फा तिथे नीट आला तर फिक्सेशन आणि डॅबवर संशय घ्यायला नको.

कापकाम

पीपीझेड०५०६ घेताना एक खड्डा आहे: ती माउसचीच मोनोक्लोनल आहे. माउसच्या मेंदूवर वापरली की सेकंडरी मेंदूत उरलेल्या माउस आयजीजीलाही (रक्तातल्या अँटिबॉडीला) धरते. परफ्यूजन अर्धवट झालं असेल तर रक्तवाहिन्या हमखास रंगतात. म्हणून आधी प्रायमरीशिवाय (म्हणजे ईआर-बीटाची अँटिबॉडी न घालता), फक्त सेकंडरी टाकून एक काप करा. त्यातही वाहिन्या रंगल्या तर कारण हेच. मग नेहमीच्या ब्लॉकनंतर माउस आयजीजीविरुद्धचे फॅब तुकडे (अँटिबॉडीचे फक्त चिकटणारे भाग) लावून तासभर ठेवा, धुवा, मगच प्रायमरी.

अँटिजेन रिट्रीव्हलचा (फिक्सेशनने झाकलेलं प्रथिन गरम करून उघडं करण्याचा) तुम्ही उल्लेखच केलेला नाही. ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम एक लिटर पाण्यात, पीएच ६.०, त्यात ०.०५ टक्के ट्वीन. ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास, मग त्याच द्रावणात २० मिनिटं निवू द्या. काप जाळीच्या टोपलीत ठेवा, नाहीतर गुंडाळी होते. उकळू देऊ नका. रिट्रीव्हलने मेंदूतलं मूळचं बायोटिन उघडं पडतं, ते एबीसीला सापडलं की सायटोप्लाझम तपकिरी होतं. त्यामुळे एकतर अ‍ॅव्हिडिन-बायोटिन ब्लॉक करा किंवा बायोटिन टाळून पॉलिमर सेकंडरी घ्या. मी पॉलिमरच घेईन.

पेरॉक्साइड ०.३ टक्के, २० मिनिटं. डॅब १० मिलीला ५ मिग्रॅ. सगळे काप एकाच बॅचमध्ये आणि घड्याळ लावून करा. आर६/२ एका दिवशी आणि बहिणी दुसऱ्या दिवशी असं केलंत तर गडदपणाची तुलना निरर्थक. मोजणी करणाऱ्याला गट कळता कामा नये. आणि एन म्हणजे प्राण्यांची संख्या, कापांची नव्हे.

मेंदूचा_कप्पा

धन्यवाद. फक्त सेकंडरीवाला काप आजच लावते. हंटिंग्टनच्या प्रथिनाच्या गाठी त्याच कापावर दाखवायच्या असतील तर? आमच्याकडची हंटिंग्टिनची अँटिबॉडीही माउसचीच आहे.

कापकाम

दोन्ही माउसच्या एकत्र नकोत, सेकंडरीला फरक कळत नाही. सशाची युबिक्विटिन अँटिबॉडी घ्या, न्यूक्लियसमधल्या गाठी त्यात छान दिसतात.

बीजकोश

स्टेनिंगचं होईल. मला काळजी वाटते ती प्रयोगाच्या रचनेची. आर६/२ माद्या वांझ असतात, ही जात नर वापरून किंवा अंडाशय रोपणाने चालवावी लागते. म्हणजे या माद्यांचं इस्ट्रॅडिओल बहिणींइतकं असेल हे गृहीतच धरता येत नाही. इस्ट्रॅडिओल बदललं की रिसेप्टरची पातळीही बदलते. तेव्हा उद्या फरक दिसला तर तो सीएजी विस्ताराचा (हंटिंग्टन घडवणाऱ्या, वाढलेल्या डीएनए-पुनरावृत्तीचा) की हॉर्मोनचा, हे सांगता येणार नाही. योग्य रचना म्हणजे दोन्ही गटांची अंडाशयं काढून सारखी इस्ट्रॅडिओल कॅप्सूल. ते आता शक्य नाही. पाठवणाऱ्यांकडे गर्भाशयाचं वजन, अंडाशय किंवा योनीचे तुकडे आहेत का विचारा.

शिवाय प्रत्येक प्राण्याची सीएजी संख्या मागवा. मूळ आर६/२ मध्ये ती साधारण १५०, पण पिढ्यांगणिक सरकते. ३०० च्या वर गेली की आजार उलट उशिरा दिसतो. खाद्याचंही विचारा. सोयाबीनच्या पेंडीत जेनिस्टीन असतं आणि ते बीटाला अल्फापेक्षा घट्ट चिकटतं.

मेंदूचा_कप्पा

अंडाशय फॉर्मालिनमध्ये आहेत, असं त्यांनी आत्ताच कळवलं. वजन नोंदवलेलं नाही.

बीजकोश

मग उत्तम. पॅराफिन, ५ मायक्रॉन, एच अँड ई (पेशींची रचना दाखवणारं नेहमीचं स्टेनिंग). कॉर्पस ल्युटियम (अंडं सुटल्यावर अंडाशयात उरणारी गाठ) आहे का बघा. असेल तर ओव्ह्युलेशन झालंय. आर६/२ मध्ये नाही आणि बहिणींमध्ये आहे असं निघालं तर शोधनिबंधात ते पहिल्या परिच्छेदातच लिहा, तळटीपेत लपवू नका.

आणि ‘इस्ट्रोजेन वाचवतं’ हे वाक्य जपून. ५१ सीएजीच्या ट्रान्सजेनिक रॅटमध्ये नरांचा आजार जास्त तीव्र दिसला होता, पण युरोपातल्या रुग्ण नोंदणीत बायकांचा आजार किंचित जास्त तीव्र निघाला. प्राणी आणि माणूस इथे एका बाजूला नाहीत.

राजारामपुरी_५वी_गल्ली

एक राहिलं. प्रथिनाचा सिग्नल शेवटी क्षीणच निघाला तर ईएसआर२ (ईआर-बीटाचं जनुक) आरएनएचं इन सिटू हायब्रिडायझेशन (कापावरच आरएनए शोधणं) करा. पुढे ताज्या मेंदूवर क्यूपीसीआर (आरएनए किती आहे ते मोजणं) करायची वेळ आली तर डीएनएज ट्रीटमेंट आणि इंट्रॉन ओलांडणारे प्रायमर हवेतच; ईएसआर२ इतका कमी असतो की जीनोमिक डीएनएची थोडी भेसळही आकडा फिरवते. रेफरन्स जीन (ज्याच्याशी तुलना करायची ते जनुक) आधी तपासा, हंटिंग्टनमध्ये ट्रान्सक्रिप्शनच बिघडलेलं असतं.

रंकाळ्याचा_वारा

ताई, सध्या पावसाळ्यात स्लाइडवरचे काप सुटतायत का? कोल्हापूरच्या या दमट हवेत लय वेळ लागतोय वाळायला. क्रोम-अ‍ॅलम जिलेटिनच्या स्लाइड घ्या, टेबलावर नको, ३७ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, मगच अल्कोहोल.

मेंदूचा_कप्पा

हो, तेही होत होतंच! उरलेल्या डॅबमध्ये ब्लीच टाकलं तर चालेल ना?

कापकाम

अजिबात नाही. ब्लीचने तयार होणारी संयुगंही म्युटाजेनिक असतात. वेगळ्या बाटलीत साठवा, नाव-तारीख घाला, घातक रसायनांच्या कचऱ्यात द्या. सिंकमध्ये थेंबही नको.